बाळासाठी घरी शिवलेले मऊ दुपटे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपटे आणि वाकळ यांच्या शिवणकामात नेमका काय फरक पडतो?

दुपटे दोन किंवा फार तर तीन पदरांचे असते आणि ते बाळाभोवती सहज वळले पाहिजे. कोल्हापूर भागात घरोघरी शिवली जाणारी वाकळ सहा-आठ पदरांची, अंथरायला उत्तम, पण तान्ह्या बाळाला गुंडाळायला जड असते. वाकळ शिवण्याचा हात ज्यांना आहे त्यांचा पहिला कल पदर वाढवण्याकडे असतो, कारण वाकळीत जाडी म्हणजे ऊब असे समीकरण असते. दुपट्यात ते लागू पडत नाही. येथील उत्तरे दुपट्याला धरून दिली आहेत. ज्यांना बाळाच्या अंथरुणासाठी लहान वाकळ शिवायची आहे त्यांनी पदर वाढवावेत, परंतु कापडाची निवड, धुण्याची तयारी आणि टाक्यांचे नियम तेच ठेवावेत.

माप किती घ्यावे आणि कापड किती लागते?

शिवून तयार झालेले दुपटे छत्तीस इंच चौरस असावे. जन्मल्यापासून बाळ वळू लागेपर्यंत गुंडाळायला आणि पुढे अंथरायला हे माप पुरते. तीस इंचाचे दुपटे दिसायला नेटके वाटते, परंतु दोन-तीन महिन्यांत ते अपुरे पडते. दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी आणि टाक्यांत आवळणाऱ्या कापडासाठी धरून तुकडा अडतीस इंच चौरस कापावा लागतो. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे सुती कापड घेतल्यास एका पदराला सव्वा मीटर याप्रमाणे दोन पदरांना अडीच मीटर कापड आणावे. एक मीटर म्हणजे एकोणचाळीस इंचांहून थोडे अधिक, तेव्हा एका मीटरमध्ये काम भागेल असा हिशेब कागदावर बसतो खरा. पण सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आणि सैल विणीचे असेल तर त्याहूनही अधिक आटते, आणि मग तो तुकडा हमखास तोकडा पडतो.

कोणते कापड बाळाच्या अंगाला मानवते?

शुद्ध सुती कापड, शक्यतो मलमल किंवा कॅम्ब्रिक, म्हणजे बारीक पण घट्ट विणीचे कापड. मलमलीची वीण सैल असल्यामुळे तिच्यातून हवा खेळते आणि ती घाम व ओल चटकन शोषून घेते. तीच सैल वीण शिवताना मात्र सरकते, म्हणून नवशिक्यांनी एक बाजू मलमलीची आणि दुसरी कॅम्ब्रिकची घेतली तर काम हाताशी राहते. थंडीच्या दिवसांसाठी सुती फ्लॅनेल चांगले, कारण त्याच्या खरवडून उभ्या केलेल्या तंतूंत हवा अडकून ऊब टिकते. मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ असला तरी पुष्कळ धुतल्याशिवाय तो मऊ होत नाही, म्हणून तो दुपट्याला घेऊ नये.

कोल्हापुरात कापड शोधणे अवघड नाही. महाद्वार रोड आणि राजारामपुरीतील दुकानांत मीटरवर कापड मिळते, गांधीनगरला घाऊक बाजार आहे, आणि ज्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाला ते सुती कापडाचे गाव येथून तीसेक किलोमीटरवर आहे. अडचण असते ती पारखीची. ‘कॉटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडात पॉलिस्टर मिसळलेले असू शकते आणि नुसत्या स्पर्शाने ते कळत नाही. म्हणून थोडे कापड नमुन्यादाखल घरी आणावे, त्याच्या उभ्या आणि आडव्या बाजूचा एकेक धागा वेगळा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटात भुगा होते. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. दोन्ही दिशांचे धागे तपासण्याचे कारण असे की ताणा सुती आणि बाणा मिश्र असे कापडही बाजारात असते.

जुन्या लुगड्याचे दुपटे करावे की नव्या कापडाचे?

जुने सुती लुगडे मिळत असेल तर नवे कापड आणण्याचे फारसे कारण उरत नाही. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्यातील खळ आणि सुटा रंग निघून गेलेला असतो, कापड जितके आटायचे तितके आटून झालेले असते आणि धाग्यांवरचे खरखरीत तंतू झडलेले असतात. नव्या कापडाला हा मऊपणा एक-दोन धुण्यांत येत नाही. बाळाच्या अंगाला पहिले वस्त्र जुने लावावे अशी जी रीत आजही पुष्कळ घरांत पाळली जाते, तिच्याशीही हे जुळते.

तथापि जुने म्हणजे जीर्ण नव्हे. लुगडे उजेडासमोर धरून पाहावे. जिथे कापड जाळीसारखे दिसते तो भाग विरलेला समजावा. मग दोन्ही हातांच्या मुठीत कापड धरून आडवे आणि उभे बेताने ताणावे. धागे सरकून वाट पडली किंवा बारीक चर्र आवाज आला तर तो भाग बाजूला काढावा. नेसणीत कासोट्याचा आणि बसण्याचा भाग सर्वांत आधी विरतो, तर निऱ्यांचा आतला भाग पुष्कळदा धड राहतो. नऊवारीची लांबी सुमारे ८.२ मीटर, म्हणजे तीनशे चोवीस इंच असते. काठ काढल्यावर रुंदी अडतीस ते चाळीस इंच उरली तर अडतीस इंचांचे आठ तुकडे हिशेबाने निघतात. त्यांतील विरलेले वगळून पाच-सहा तरी हाती येतात, आणि सहा मिळाले तर तीन पदरी दोन दुपटी किंवा दोन पदरी तीन दुपटी होतात.

इरकल लुगड्याबाबत एक सावधगिरी हवी. तिचे अंग सुती असले तरी काठ आणि पदर बहुधा रेशमाचे किंवा कृत्रिम रेशमाचे असतात. ते कापून वेगळेच ठेवावेत. आजीच्या इरकलीचा पदर दुपट्यावर दिसावा ही इच्छा समजण्यासारखी आहे, परंतु तो पदर कुंचीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पुढे मोठ्यांच्या वाकळीत अधिक शोभेल.

नवे कापड शिवण्यापूर्वी धुणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि नुसते पाण्यातून काढून चालत नाही. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून विणण्यापूर्वी त्यांना खळ देतात. ही खळ, तसेच कापड तयार करताना वापरलेली इतर द्रव्ये कोऱ्या कापडात राहिलेली असू शकतात. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे, सकाळी ते पाणी ओतून द्यावे, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन धुवावे आणि खळखळून तीन-चार पाण्यांतून काढावे. भिजवलेले पाणी चिकट किंवा दुधी दिसले तर हाच क्रम पुन्हा करावा.

गडद रंगाचे कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने ते जोराने घासून पाहावे. रंग उतरत असेल तर ते कापड दुपट्याला वापरू नये. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो असे सांगितले जाते, परंतु कारखान्यात रंगवलेल्या कापडाचा कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. बाळ दुपट्याचे टोक तोंडात घालणारच, तेव्हा येथे तडजोड करण्यात अर्थ नाही.

आत कापूस घालावा का?

कोल्हापुरातील हवेसाठी घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. येथील थंडी बेताची असते, तर जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतकी ओल असते की कापूस भरलेले दुपटे आतून वाळत नाही. वरून कोरडे लागले तरी त्याला कुबट वास येतो. शिवाय सुटा कापूस दोन-चार धुण्यांत गोळा होतो. सावरीचा कापूस तर मुळीच नको, कारण त्याचे तंतू गुळगुळीत आणि हलके असतात, ते शिवणीतून बाहेर येऊन उडतात आणि बाळाच्या नाकातोंडाजवळ नको तिथे पोहोचतात. अधिक ऊब हवी असेल तर मधला पदर सुती फ्लॅनेलचा घ्यावा.

शिवण्याचा क्रम कसा असावा?

धुतलेले कापड अर्धवट ओले असतानाच इस्त्री करावे आणि कापताना धाग्याच्या रेषेत कापावे. कापडाच्या कडेला छोटा छेद देऊन एक आडवा धागा ओढून काढला की सरळ रेघ दिसते, त्या रेघेवरून कात्री चालवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण तिरके कापलेले दुपटे पहिल्याच धुण्यात वाकडे होते आणि नंतर ते कशानेही सरळ होत नाही.

नव्या कापडाचे दोन पदरी दुपटे असेल तर दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू आतल्या अंगाला समोरासमोर ठेवून चारही कडांना अर्धा इंच सोडून टीप मारावी आणि एका बाजूला मध्यभागी पाच इंच जागा मोकळी ठेवावी. कोपऱ्यांवरचे जादा कापड टिपेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर तिरके छाटावे, म्हणजे उलटल्यावर तेथे गाठोडे होत नाही. मोकळ्या जागेतून दुपटे उलटून कोपरे बोथट काडीने बाहेर काढावेत, इस्त्री करावी आणि ती जागा लपत्या टाक्यांनी बंद करावी. तीन पदरी करायचे असल्यास सर्वांत खाली मधला पदर, त्यावर वरचा पदर सुलट बाजू वर करून आणि त्यावर मागचा पदर सुलट बाजू खाली करून ठेवावा. वरच्या दोन पदरांमधून दुपटे उलटले की मधला पदर आपोआप आत जातो. हा क्रम चुकला तर सगळी टीप उसवावी लागते, म्हणून टाचण्या लावल्यावर एकदा कोपरा उलटून खात्री करून घ्यावी.

जुन्या लुगड्याचे मऊ कापड उलटताना ताणले जाते. तेथे पदर एकावर एक अंथरून कडेने गोट लावणे सोयीचे. जमीन किंवा मोठा पाट पुसून घ्यावा, पदर एकेक करून सुरकुत्या काढत पसरावेत, कोपऱ्यांवर डबे ठेवावेत आणि मध्यापासून कडेकडे, प्रथम अधिकचिन्हासारखा आणि मग तिरका, असा लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालावा. गोटासाठी दोन इंच रुंदीची पट्टी उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, कापावी. छत्तीस इंचांच्या दुपट्याला जोडणीसह सुमारे चार मीटर पट्टी लागते. सरळ कडेला साधी पट्टीही चालते, परंतु कोपरे गोल केल्यास उरेब पट्टीशिवाय ती नीट बसत नाही. गोट झाल्यावर आतले टाके घालून कच्चा दोरा काढून टाकावा.

हाताने शिवावे की मशीनवर?

कडेची शिवण आणि गोट मशीनवर, आणि आतले टाके हाताने, ही विभागणी सर्वांत सोयीची ठरते. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकत सलग जातात, त्यामुळे टिपेची रेघ ताठ होते. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा आळीपाळीने वर-खाली जातो आणि कापड मोकळे राहते. मशीनवरच सगळे करायचे असेल तर टिपांच्या ओळी तीन-चार इंच अंतरावर ठेवाव्यात आणि टाका तीन मिलिमीटरचा धरावा.

सुईच्या क्रमांकाबाबत घोटाळा होतो. मशीनच्या सुईचा क्रमांक वाढेल तशी सुई जाड होते, म्हणून मलमलीला ११ आणि तीन पदरांना १४ क्रमांकाची सुई लावावी. हातसुईचे उलटे असते. तेथे क्रमांक वाढेल तशी सुई बारीक होते, आणि या कामाला ८ किंवा ९ क्रमांकाची सुई योग्य. दोरा सुती घ्यावा आणि एका वेळी हातभरच ओवावा, कारण लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन विरतो आणि गुंततो. अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, घालण्याची सवय नसली तरी तीन पदरांच्या कामाला ते घालावे.

टाके किती लांब आणि ओळी किती अंतरावर असाव्यात?

टाका चार ते पाच मिलिमीटरचा आणि ओळींमधले अंतर दीड ते दोन इंच. वाकळीवरचे बोटाच्या पेराएवढे टाके दुपट्यावर नकोत आणि त्यामागचे कारण सुरक्षिततेचे आहे. लांब किंवा सैल टाक्याचा फास बाळाच्या बोटात किंवा पायाच्या अंगठ्यात अडकतो. सुटा दोरा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबून बोट सुजते. बाळ कारण न कळता सारखे रडत असेल तर डॉक्टर त्याची हातापायांची बोटे तपासतात ते याचसाठी. म्हणून गाठ दोन पदरांच्या मध्ये ओढून घ्यावी, दोऱ्याची टोके बाहेर लोंबू देऊ नयेत आणि दर धुण्यानंतर सुटलेले दोरे कापावेत.

याच संदर्भात टाचण्यांचे सांगायला हवे. काम सुरू करताना टाचण्या आणि सुया मोजून घ्याव्यात, संपल्यावर पुन्हा मोजाव्यात, आणि सुई मोडली तर तिचे दोन्ही तुकडे मिळाल्याशिवाय दुपटे बाळाजवळ नेऊ नये. लोहचुंबक फिरवून पाहणे हा सोपा उपाय आहे.

जरीचा काठ, लेस, मणी किंवा घुंगरू लावावेत का?

नाही. जरीचा काठ बोचतो, लेसच्या जाळीत बोटे अडकतात आणि मणी सुटून घशात जाऊ शकतो. सजावट हवीच असेल तर एका कोपऱ्यात सुती दोऱ्याने लहानशी साखळी घालावी आणि तिची उलट बाजू पदरांच्या आत राहील असे पाहावे.

बाळाच्या जन्माआधी दुपटे शिवलेले चालते का?

हा ज्या त्या घराच्या रीतीचा प्रश्न आहे. काही घरांत जन्मापूर्वी नवे काही शिवत नाहीत आणि बाळंतविडा बारशाला आणतात. त्यांनी कापड धुऊन, कापून ठेवावे. बारसे बाराव्या दिवशी असेल तर रोज तासभर बसून तेवढ्यात दोन पदरांचे एक दुपटे हाताने पुरे होते.

झोपलेल्या बाळाच्या अंगावर दुपटे घालावे का?

पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो, कारण ते तोंडावर सरकले तर लहान बाळाला ते दूर करता येत नाही. बाळाला उताणे निजवावे, ऊब अंगातल्या कपड्यांनी द्यावी आणि त्याच्या डोक्याशी उशा, लोड किंवा दुपट्यांच्या घड्या रचू नयेत. मग दुपट्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. बाळाला उचलून नेताना, पाजताना, मालिशीनंतर मांडीवर घेताना, कोवळ्या उन्हात बसताना आणि जागेपणी जमिनीवर पालथे टाकताना ते दिवसभर लागते. पांघरूण म्हणून ते वर्षानंतर वापरावे.

गुंडाळताना पाय सरळ ताणून आवळण्याची सवय सोडावी. तसे केल्याने खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते. बाळाला गुडघे दुमडून बाजूला टाकता आले पाहिजेत आणि छातीवर दुपट्याच्या आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागले की गुंडाळणे बंद करावे.

ओल लागू नये म्हणून मध्ये प्लास्टिक शिवले तर?

शिवू नये. प्लास्टिकमुळे घाम कोंडतो आणि दुपटे उकळत्या पाण्यात घालता येत नाही. रबरी कापड वेगळे ठेवून दुपट्याखाली अंथरावे.

घोंगडीवर बाळाला निजवावे का?

थेट नको. घोंगडीची लोकर भरड असते आणि बाळाच्या त्वचेला टोचते. खाली घोंगडी, वर दुपदरी चादर आणि त्यावर नीट पसरलेले दुपटे, अशी मांडणी थंडीत चालते.

पावसाळ्यात दुपटे कसे धुवावे आणि वाळवावे?

दोन-तीन पदरांचा आग्रह धरण्याचे एक कारण हेच आहे. दुपटे सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवावे. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रव्ये टाळावीत, कारण त्यांचा थर कापडावर राहतो आणि कापडाची ओल शोषण्याची शक्ती कमी होते. पिळल्यानंतर झटकून, घडी न घालता, दांडीवर एकपदरी टाकावे. ऊन नसलेल्या दिवसांत पंख्याखाली वाळवून दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवावी आणि शिवणींजवळ हात लावून ओल उरली नाही याची खात्री करावी. या काळासाठी जाड एक दुपटे शिवण्यापेक्षा पातळ चार दुपटी शिवलेली कधीही बरी.

दुपटी ट्रंकेत ठेवताना डांबराच्या गोळ्या घालाव्यात का?

बाळाच्या कोणत्याही कपड्यात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. या गोळ्या बहुधा नॅफ्थलिनच्या असतात आणि त्यांची वाफ कापडात मुरते. काही बाळांमध्ये जी-६-पी-डी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते आणि ती आधी माहीत नसते. अशा बाळाचा नॅफ्थलिनशी संपर्क आला तर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि ती मेंदूपर्यंतही इजा करू शकते. थोरल्या भावंडाची जपून ठेवलेली दुपटी धाकट्यासाठी काढताना हा धोका विशेष असतो. गोळ्यांचा वास असलेले दुपटे नवजात बाळाला वापरूच नये. उन्हात टाकून आणि पुन्हा पुन्हा धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे, आणि शंका राहिली तर ते मोठ्यांच्या वाकळीत घालावे.

गोळ्यांची तशी गरजही नसते. लोकरीला लागणारा किडा सुती कापड सहसा खात नाही आणि कसर खळीकडे व मळाकडे ओढली जाते. खळ न घातलेले, स्वच्छ आणि पूर्ण कोरडे दुपटे जुन्या सुती फडक्यात बांधून ठेवले तर ते सुरक्षित राहते.

वाकळ शिवणाऱ्या बाईंकडून दुपटे शिवून घ्यायचे असल्यास काय सांगावे?

कापड आपण धुऊन, काठ काढून द्यावे. तयार माप, पदरांची संख्या आणि ओळींतले अंतर आधी ठरवावे, आणि टाके बारीक हवेत हे एक नमुना दाखवून सांगावे, कारण वाकळीच्या हाताला मोठ्या टाक्यांची सवय असते. मजुरी मापावर न ठरवता टाक्यांच्या कामावर ठरवावी. छत्तीस इंचांच्या दुपट्यावर बारीक टाके घालायला मोठ्या वाकळीच्या मानाने वाटते त्याहून अधिक वेळ लागतो, आणि लहान वस्तू म्हणून घासाघीस करणे उचित नाही.

दुपटे एका जागी विरले तर ठिगळ लावावे का?

लावता येते, मात्र ठिगळही तितक्याच जुन्या, मऊ कापडाचे असावे. नवे ठिगळ पुढच्या धुण्यात आटते आणि भोवतालचे विरलेले कापड ओढून फाडते. विरलेल्या भागापेक्षा ते चारही बाजूंनी एक इंच मोठे कापावे, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवावे आणि दुपट्याच्या मूळ ओळी त्यावरून पुढे न्याव्यात. विरलेली जागा तळहाताहून मोठी असेल तर ठिगळाऐवजी संपूर्ण वरचा पदर बदलणे कमी कष्टाचे पडते.